व्याह्याले पयले वाढा

आमच्या बाई उजव्या हाताचं पहिलं बोट कानाशी नेत, मान थोडी कलती करत आणि विचारत, "कोण म्हन्ते?"

यात राग नसे, टोमणाही नसे. दूरच्या वावरातून कोणी हाक मारली तर माणूस जसा थबकून कान देतो, तसा तो आविर्भाव. "आज थंडी फार आहे" असं स्टाफरूममध्ये कोणी म्हटलं, की बोट कानाशी. "पाटलाच्या मुलाचं जमलं म्हणे" – बोट कानाशी. मी शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो त्याच आठवड्यात शिंकत शिंकत म्हणालो, "बाई, मला सर्दी झालीय."

"कोण म्हन्ते?"

"माझं नाक म्हणतंय."

"मंग ठीक. साक्षीदार जवळचा हाय," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी काढून माझ्यापुढं ठेवली. "हुंगा अन् वर्गावर जा."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आधी त्यांचा धाक वाटतो, मग गंमत वाटते, आणि मग एके दिवशी लक्षात येतं की आपण भाजी घेतानासुद्धा त्यांच्याच पद्धतीनं विचार करतोय. माझी बायको आजही म्हणते, "तुम्हाला लग्नाआधी आईनं वाढवलं, लग्नानंतर मी वाढवलं, आणि त्यातलीच दोन-चार वर्षं त्या बाईंनी. त्यांचंच काम तेवढं टिकलं."

आमची शाळा आंजीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून थोडं आत असलेल्या एका गावात होती. सत्तरीचं दशक संपत आलेलं. मी राहायला सिंदी मेघ्याला. सायकलनं वर्धेचं स्टँड गाठायचं, तिथून आर्वीची गाडी, आंजीला उतरून पायी. शाळा अकराची. बाईही वर्धेहूनच येत, त्याच दहाच्या गाडीनं. सुती पातळ, बारा महिने काळी छत्री, आणि खांद्याला खाकी पाकिटांनी फुगलेली पिशवी. कंडक्टर त्यांना पुढची जागा देई. ती प्रतिष्ठा नव्हती, पिशवीला बसायला जागा लागे म्हणून.

मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा स्वतःला साहित्यिक समजत होतो. पुरावा म्हणून माझ्याकडं कॉलेजच्या वार्षिक अंकातला एक लेख होता. त्यात 'निसर्गदेवतेच्या हिरव्या शालूवर दवबिंदूंचे मोती' असं एक वाक्य होतं. मी तो अंक बाईंना मोठ्या अपेक्षेनं दाखवला. त्यांनी चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचला.

"सुंदर अक्षर असन तुमचं," त्या म्हणाल्या.

"बाई, हे छापील आहे."

"हाव, म्हणून त म्हन्लं."

त्या पाकिटांची गोष्ट सांगतो. बाकी सगळीकडं मुलं 'गाय हा उपयुक्त प्राणी' छापाचे निबंध पाठ करत, तेव्हा बाई नववी-दहावीच्या पोरांच्या हातात एकेक खाकी पाकीट देत. आत चार-पाच कागद. एखादं वर्तमानपत्राचं कात्रण, एखाद्या म्हाताऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलेलं, एखाद्या फलकावरून उतरवलेली माहिती, कुणाची तक्रार. सगळे कागद एकाच प्रश्नाबद्दल, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. गावचा बाजार रविवारी असावा की बुधवारी? नाल्यावर आधी पूल व्हावा की आधी पाण्याची टाकी? पोरांनी कागद वाचायचे, एक बाजू धरायची आणि ती का धरली ते लिहायचं. अट एकच. कागद दिलेत तेवढेच. त्यातलं कोणाचंही बोलणं घ्या, पण कोणाचं ते सांगा. पाकिटाबाहेरचं काही आणायचं नाही.

ही कसरत पोरांना समजावून देताना बाई पुस्तकी शब्द वापरत नसत. त्या म्हणत, "निबंध म्हंजे पंगत हाय. हे कागद तुमचे पाहुणे. पाहुण्याइले नावानं बसवा. मधातच कोणाचं ताट कोणापुढं सरकवू नोका. अन् ध्यानात ठेवा, घर तुमचं हाय."

एका पोरानं पाचही कागद सुवाच्य अक्षरात एकाखाली एक उतरवून काढले. बाईंनी त्याला उभं केलं.

"काऊन रे, पाहुणेच पाहुण्याइले वाढून राह्यले! यजमान कुठी गेला?"

"कोण बाई?"

"तू! सगळे जेवले, पन घरवाल्याचा पत्ता नाई. बस, अन् शेवटी लिही, 'मी म्हणतो'. मंग काय म्हणतो ते लिही."

दुसऱ्यानं लिहिलं, 'सर्व लोक असे म्हणतात की.' बोट कानाशी. "सर्व लोक कुठी राह्यतात रे? पत्ता दे, मी शाळा सुटल्यावर जाऊन येतो त्याइच्या घरी."

पण बाईंचा खरा नियम पुढंच होता. आपल्या बाजूच्या विरुद्ध जो कागद असेल, तो आधी घ्यायचा. आणि कंजुषी करायची नाही. "तो तुमचा व्याही हाय," बाई सांगत. "आपल्या इकडे पंगतीत पयले कोणाले वाढते? व्याह्याले. तो आवडो का नावडो. त्याच्या पानावर तूप कमी पडलं, त नाव आपलं खराब होते. व्याह्याले पयले वाढा, पोटभर वाढा, मंग आपली गोष्ट सांगा. तो ऐकन."

कोणी विरुद्ध बाजूचं बोलणं मुद्दाम बावळट करून लिहिलं, की वहीच्या समासात लाल शाईनं शेरा येई : 'व्याह्याला फुटका पापड का वाढला?' शाळा सोडून गेलेली पोरं अजून भेटतात. काय शिकलो ते बहुतेकांना आठवत नाही. फुटका पापड सगळ्यांना आठवतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

आमच्याकडं दिवाळी झाली की कापसाची वेचणी लागते, ती संक्रांतीपर्यंत चालते. त्या दिवसांत वर्गात डावीकडची बाकं, म्हणजे मुलींची, हळूहळू रिकामी होत. एखादी येई तेव्हा तिची बोटं सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली असत. नववीत सुमन नावाची एक मुलगी होती. बारीक, काळीसावळी, बोलण्यात चलाख. बाईंची पाकिटं तिला इतकी आवडत की ती इतरांचीही मागून वाचायची. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. मधूनच एखाद्या दिवशी आली की मागं राहिलेलं सगळं एका दमात विचारे आणि पुन्हा गायब होई. त्याच्या आधीच्या वर्षी अशाच दोघी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आधी बाकं सुटली, मग शाळा सुटली, मग लग्न.

त्या वर्षी बाईंनी मुख्याध्यापकांपुढं विषय काढला. वेचणीच्या दिवसांत शाळा सकाळी सातला भरवावी आणि साडेदहाला सोडावी.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आधी एसटीचं वेळापत्रक आठवलं. आम्ही बहुतेक सगळे वर्धेहून येणारे. सातची शाळा म्हणजे पहाटेची पहिली गाडी. पहाटेची पहिली गाडी म्हणजे हिवाळ्यात अंधारात अंघोळ. मी तर सिंदी मेघ्यात राहणारा, म्हणजे त्याच्याही आधी सायकल. आम्ही तातडीनं एक निवेदन तयार केलं. मजकूर माझा. 'प्रातःकाळच्या कडाक्याच्या शीतलहरीमुळे कोवळ्या बालकांच्या आरोग्यास अपाय होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' सर्वांनी सह्या केल्या.

बाईंनी वाचलं. बोट कानाशी गेलं.

"कोण म्हन्ते?"

"सर्व शिक्षक."

"अन् थंडी कोणाले वाजते, मास्तर? कोवळ्या बालकाइले, का पांघरुणातल्या मास्तरांले?"

मुख्याध्यापक स्वभावानं गरीब. कोणाशीच भांडण नको, असा त्यांचा आयुष्याचा सिद्धांत. ते म्हणाले, शाळा समितीपुढं एक टिपण वाचू, समिती काय ते ठरवील. टिपण कोणी लिहायचं?

"मास्तरांनी," बाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या.

"पण मी तर विरोधात आहे!"

"म्हणून त."

आणि त्यांनी पिशवीतून एक खाकी पाकीट काढून माझ्या हातात दिलं. नववीच्या पोरासारखं.

पाकिटात पाच कागद होते. मुलींच्या हजेरीचा उतारा. एसटीचं वेळापत्रक. आमचं शीतलहरीवालं निवेदन, ते पाहून मला बरं वाटलं नाही. सुमनचं बोलणं, तिच्याच अक्षरात. आणि अवधूतरावांचं बोलणं. अवधूतराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार आणि शाळा समितीतलं वजनदार माणूस. सुमनची आई त्यांच्याच वावरात वेचायला जाई.

पहिला खर्डा मी पाच कागद नीट जोडून केला. बाईंनी वाचून परत दिला. "अक्षर खरंच सुंदर हाय. यजमान कुठाय?"

दुसऱ्या खर्ड्यात मी यजमान झालो, चांगला छाती काढून. शाळा अकराचीच राहावी. आणि माझा हुकमी पत्ता होता अवधूतरावांचा कागद. 'दिवाळीपासून संक्रांतीलोक कापूस घरी आणाचा असते. तवा शाळा-गिळा मले सांगू नोका.' मी त्यावर लिहिलं : खुद्द कास्तकारांना या दिवसांत शाळेची वेळ कोणतीही चालत नाही, मग ती बदलून उपयोग काय? मला हा मुद्दा इतका आवडला होता की मी तो बायकोला जेवताना वाचून दाखवला. ती म्हणाली, "भात निवतोय."

बाईंनी खर्डा बाजूला ठेवला. "अवधूतरावाचा कागद आना. मोठ्यानं वाचा. सगळा."

मी वाचला. "'दिवाळीपासून संक्रांतीलोक कापूस घरी आणाचा असते. तवा शाळा-गिळा मले सांगू नोका. ऊन चढलं का बाया-पोरी वावरात पायजेच. दवात वेचलेला कापूस पिवळा पडते, मंग भाव कोण देईन?'"

"अर्धाच पाहुणा वाढला तुमी," बाई म्हणाल्या. "बाकीचा उपाशी ठेवला. आता सुमनचा वाचा."

"'सकाळी पाणी भरतो, सडा टाकतो, मंग बसून राह्यतो. दव उतरलं का आयीसंग वावरात जातो. शाळा भरते तवा मी कापसात असतो.'"

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. खिडकीबाहेर पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, वावरं होती, पांढरी झालेली. उभ्या हयातीत मी दवबिंदूंचे मोती लिहीत आलो होतो, आणि दव वाळेपर्यंत कोणी कापसाला हात लावत नाही हे मला पाकिटातल्या कागदानं सांगावं लागलं. सूर्य वर येईपर्यंत गावातल्या सगळ्या मुली मोकळ्या बसलेल्या. वावर त्यांना बोलवी नेमकं त्याच वेळी, ज्या वेळी आम्ही शाळेची घंटा वाजवत होतो.

"बाई," मी म्हणालो, "माझी तर बाजूच बदलली."

"मंग नवीन कागद घ्या. शाई माही वापरा."

तिसरा खर्डा मी मन लावून लिहिला. शालू नाही, मोती नाहीत. अवधूतरावांना आधी वाढलं, तुपासकट. आमच्या निवेदनालाही वाढलं, कारण पहाटे थंडी असतेच, ती काही खोटी नव्हती. मग हजेरी, मग वेळापत्रक, मग सुमन. आणि शेवटी, मी म्हणतो. लिहून झाल्यावर मला इतका आनंद झाला की तो बाईंना दाखवायला सोमवारपर्यंत थांबवेना. रविवारी सकाळी सायकल काढून वर्धेत त्यांच्या घरी गेलो. घर माहीत होतं, आत कधी गेलो नव्हतो.

दार उघडंच होतं. लहानसं अंगण. बाई पदर खोचून एक बाज ओढत ओढत घरातून अंगणात आणत होत्या. बाजेवर गोधडीत एक म्हातारी. त्यांच्या सासूबाई. बाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते, मूलबाळ नव्हतं, आणि या दोघी एकमेकींना उरल्या होत्या. सासूबाईंचे पाय केव्हाचे गेले होते, हे मला ऐकून माहीत होतं. ते रोजचं काय असतं, हे माहीत नव्हतं.

बाईंनी बाज अंगणाच्या एका कोपऱ्यात, जिथं उन्हाचा चौकोन पडला होता, बरोबर तिथं लावली. मला पाहून म्हणाल्या, "या जी, मास्तर. बसा त्या पाटावर. हे ऊन पळून जाते, म्हणून आधी हे."

पलीकडं कोणाचं तरी दुमजली घर होतं. त्याची सावली दहाच्या पुढं अख्खं अंगण गिळून टाकी. म्हातारीला ऊन मिळायचं ते सकाळचंच. त्यात तिला तेल लावणं, गरम पाण्यानं अंग पुसणं, केस विंचरणं, पेज भरवणं. मग साडेनऊच्या सुमाराला शेजारची बाई आपलं घरचं उरकून येई, आणि बाई छत्री घेऊन स्टँडकडं धावत.

"कोण होय वो?" म्हातारीनं विचारलं.

"आत्याबाई, माह्या शाळंतले मास्तर होत. भल्ले हुशार."

गोधडीतून एक वाळकं बोट बाहेर आलं. सावकाश कानाशी गेलं. मान कलती झाली.

"कोण म्हन्ते?"

मी बाईंकडं पाहिलं. बाई लाजल्यासारख्या हसत होत्या. इतकी वर्षं आम्ही सगळे जे बोट बाईंचं समजत होतो, ते या बाजेवरून उठून रोज दहाच्या गाडीनं आंजीला येत होतं.

"काय वाचाले आनलं बापा?" म्हातारी म्हणाली. "मलेबी आयकव. मले कोनी काई वाचून दाखवत नाई."

मी वाचलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लक्ष देणारा श्रोतृवर्ग असावा. अवधूतरावांच्या बोलण्यावर ती "हाव, बराबर हाय" म्हणाली. सुमनच्या बोलण्यावर नुसती डोळे मिटून राहिली. वाचून झालं तसं म्हणाली, "चांगलं लिहिलं. पोरीइचं भलं होईन." आणि मग सहज, अगदी चेष्टेनं, सुनेकडं पाहून, "पन सकाळी शाळा झाली त मले उन्हात कोण आनन?"

"आत्याबाई, तुमी गप राहा," बाई म्हणाल्या आणि तेलाची वाटी उचलून आत गेल्या.

मी पाटावर बसून राहिलो. हिशेब सोपा होता. पहाटेची पहिली गाडी. शेजारीण साडेनऊशिवाय मोकळी होत नाही. ऊन दहाला संपतं. जे ऊन सुमनला वावरात बोलावत होतं, तेच ऊन इथं या बाजेवर येत होतं, आणि दोन्हीकडं पोहोचायचं एकाच बाईला.

बाई पेज घेऊन आल्या तेव्हा मी लेखणी काढली होती.

"हे काय?"

"एक परिच्छेद घालतो. व्याही राहून गेला, बाई. सगळ्यात मोठा विरोधी मुद्दा हाच आहे. तुम्ही याबद्दल काही बोलला नाहीत."

"हा कागद पाकिटात नाई," बाई म्हणाल्या.

"पण खरा आहे!"

"मास्तर, पोट्ट्यानं पाकिटाबाहेरचं काई आनलं, त आपण काय करतो?"

"खोडतो."

"मंग खोडा."

"पण मग तुमचं कसं होणार? आणि व्याह्याला आधी वाढायचं हा तुमचाच नियम ना?"

बाईंनी चमचा सासूच्या ओठांशी धरला. तिनं घेतला. पदरानं तिची हनुवटी पुसली. मग माझ्याकडं न पाहताच म्हणाल्या, "मी व्याही कुठची, मास्तर? मी त घरची हाय. घरचे सगळ्याइच्या मांगून जेवतात."

मी तो परिच्छेद लिहिला नाही.

समितीची सभा शाळेतच झाली, सतरंजीवर. मी टिपण वाचलं. अवधूतरावांचा भाग आला तेव्हा ते सावरून बसले. मी त्यांचं बोलणं शब्दन् शब्द वाचलं, दवासकट, पिवळ्या कापसासकट. त्यांनी चार लोकांकडं पाहून मान डोलावली. पुढं जसजसं वाचत गेलो, तसतशी ती मान सावकाश होत गेली. शेवटी ते म्हणाले, "अजी मास्तर, हे सारं त मीच बोल्लो हाय! अन् तरी कसा काय उलटा पडलो?"

"उलटे नाही पडलात, अवधूतराव. तुम्हीच म्हणालात, ऊन चढल्यावर. शाळा ऊन चढायच्या आत सुटेल."

ते थोडा वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसले. "साडेधाच्या वर एक मिन्ट नाई चालनार."

"नाही."

"मंग पाहू यंदा करून." आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, बाईंकडं वळून म्हणाले, "बाई, तुमाले काई अडचण नाई न? तुमीबी वर्धेहून येता."

मी टिपणाच्या कागदाकडं पाहत राहिलो. तिथं कोरी जागा होती.

"टिपणात आलं तेच माहं म्हणणं," बाई म्हणाल्या.

सकाळची शाळा सुरू व्हायच्या आत बाईंनी संस्थेच्या वर्धेतल्या शाळेत बदली मागून घेतली. ती शाळा दुपारची होती, घरापासून चालत जाण्याइतकी. जिथं त्यांनी पाकिटं सुरू केली, जिथली पोरं त्यांना अंधारात आवाजावरून ओळखता येत, ती शाळा त्यांनी सोडली. आणि ज्या कागदानं ती सुटली, तो माझ्या सुंदर अक्षरात होता. कारण कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, बाईंना आता दगदग सोसत नाही. "कोण म्हन्ते?" असं विचारायला त्या तिथं नव्हत्या.

निरोपसमारंभात भाषण मला करायला लावलं. मी तयारी करून गेलो होतो, आणि तयारी केली की माझं काय होतं ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच आहे. 'ज्ञानमंदिरातील नंदादीप' वगैरे सुरू झालं. बाई हार गळ्यात घेऊन शांत बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाईंच्या जाण्यानं ही शाळा पोरकी होणार आहे!"

बोट कानाशी गेलं. मान कलली.

पोरं खदखदून हसली. मुख्याध्यापकसुद्धा हसले. मी भाषणाच्या कागदात पुढचं वाक्य शोधत होतो, आणि ते सापडत नव्हतं. सुमन पहिल्या रांगेत बसली होती. ती हसत नव्हती.

"मी म्हणतो, बाई," मी म्हणालो.

त्यांनी बोट खाली घेतलं. हात मांडीवर ठेवला. मग बराच वेळ त्या हाराच्या फुलांशीच काहीतरी करत राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यांत मी अंधारात उठलो, अंधारात अंघोळ केली, मफलर गुंडाळून सायकल काढली. बायको अंथरुणातून म्हणायची, "स्वतःच्याच निबंधानं उठवलेला माणूस जगात हा एकटाच." शाळेत डावीकडची बाकं भरलेली असत. सगळी नाही, पण बरीच. मुली शाली पांघरून बसत, तोंडातून वाफ निघे. दहा वाजले की खिडकीबाहेर पऱ्हाटीवरचं दव उडायला लागे, आणि माझं लक्ष धड्यातून उठून वर्धेतल्या एका अंगणाकडं जाई. आता तिथली सावली आली असेल. आता बाज आत गेली असेल. सुमन मॅट्रिक झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "आधी वर्धेला जाऊन ये." ती म्हणाली, "तिकडूनच येऊन राह्यली, सर. पयले व्याह्याले वाढलं, मंग तुमाले."

परतीची गाडी वर्धेत शिरताना बाईंच्या नव्या शाळेवरून जायची. मी येई तेव्हा त्यांची शाळा भरायची वेळ असे. बाई फाटकाशी उभ्या राहत, छत्री मिटून हातात. गाडी वळणावर हळू होई. मी खिडकीतून दिसलो की त्यांचं बोट कानाशी जाई. मी खिडकीतून माझं बोट वर करी. बोलणं असं काही नाही. गाडी पुढं जाई. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात फाटक रिकामं होतं. नंतर बाई पुन्हा उभ्या दिसल्या, आणि त्या दिवशी बोट कानाशी गेलं ते बराच वेळ तिथंच राहिलं. जणू खरंच कोणी लांबून बोलत होतं.

मग त्या निवृत्त झाल्या, भाचीकडं राहायला गेल्या, आणि एका उन्हाळ्यात त्या गेल्याचं पत्र आलं. त्या हिवाळ्यात सकाळची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो, शेजारी तपासायच्या वह्यांची पिशवी. वळण आलं. गाडी हळू झाली. फाटकाशी कोणी नव्हतं. माझं बोट आपोआप वर गेलं.

टण्ण, घंटी वाजली. गाडी थांबली. कंडक्टर नवा होता, माझं बोट पाहून त्यानं दोरी ओढली होती, आणि आता दार उघडून माझ्याकडं पाहत होता.

"उतरा न जी."

"मला इथं नाही उतरायचं."

"मंग थांबवा म्हणून कोण म्हन्लं?"

उघड्या दारातून फाटक दिसत होतं, आणि फाटकावर दुपारचं ऊन. कंडक्टरनं खाली वाकून पाहिलं. चढणारं कोणी नव्हतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग दार लावलं आणि दोनदा घंटी दिली.